बाळ पेटीत, आई कुठे? खान्देशातल्या सरकारी नवजात कक्षाच्या सेवेचं परीक्षण

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळांसाठी विशेष कक्ष आहे. कागदावर त्याचं नाव एसएनसीयू. चोपडा-यावलच्या एसटीत मात्र ‘बाळ सिव्हिलला पेटीत ठेवलंय’ एवढं म्हटलं की सगळ्यांना कळतं. १८०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाची, ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेली, जन्मतः न रडलेली, श्वासाला धाप लागलेली किंवा कावीळ वाढलेली बाळं इथे येतात. अशा कक्षात किमान १२ बाळांची सोय असावी आणि दर पाळीत तीन-चार बाळांमागे एक सिस्टर असावी, असा सरकारी निकष आहे. वॉर्मर, निळ्या लाइटचं फोटोथेरपी यंत्र, सलाइन थेंबाथेंबानं सोडणारा पंप, श्वासाला आधार देणारं सीपॅप या यंत्रांवर बोलायला बायोमेडिकलचे लोक आहेत. इथे परीक्षण यंत्रांचं नाही, तिथे आई-बापाला कसं वागवलं जातं त्याचं आहे.

आई-बापाच्या वागणुकीचा हा निकष आम्ही मनानं आणलेला नाही. केंद्र सरकारनं २०१७ मध्ये ‘कुटुंब-सहभागी काळजी’ची मार्गदर्शक सूचना काढली. त्याआधी दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयात हा प्रयोग झालेला होता. सूचनेचं सार असं, की बाळाचे आई-वडील भेटायला आलेले पाहुणे नाहीत, ते उपचार करणाऱ्या चमूचा भाग आहेत. त्यांना चार टप्प्यांत शिकवायचं. आधी हात धुणं आणि कक्षात वावरणं, मग बाळाची स्वच्छता आणि दूध पाजणं, मग कांगारू पद्धत (बाळाला उघड्या छातीशी धरणं), शेवटी घरी गेल्यावरची काळजी. शिवाय २०२१ पासून ‘मुस्कान’ नावाचा गुणवत्ता कार्यक्रम आहे. त्यात नवजात कक्ष, मुलांचा वॉर्ड आणि पोषण पुनर्वसन केंद्र (तीव्र कुपोषित मुलांसाठीचं) यांचं मूल्यमापन होतं आणि त्यात पालकांचं समाधानही मोजायचं असतं.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. हात धुवायला लावून आत घेण्यात ही सेवा आता बरीच सुधारली आहे. माहिती देण्यात ती मध्यम आहे. बाळाला घरी पाठवताना ती ढिली पडते. आणि आईच्या राहण्याच्या सोयीत ती इतकी मागे आहे की बाकीचं सगळं त्यापायी कोलमडतं.

आईचा पलंग

बाळ तीन आठवडे कक्षात असतं, आईला मात्र साधी प्रसूती असेल तर तिसऱ्या दिवशी आणि सिझर असेल तर सातव्या-आठव्या दिवशी डिस्चार्ज मिळतो. तिचा केस पेपर बंद झाला की पलंग गेला. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात (२०११ पासून) आईच्या मोफत जेवणाचे दिवसही तेवढेच, साध्या प्रसूतीला तीन आणि सिझरला सात. त्यापुढे काय, हे प्रत्येक रुग्णालय आपापल्या परीनं सोडवतं. कुठे ‘माता कक्ष’ आहे, कुठे व्हरांड्यात चटई. सातपुड्याच्या डोंगरातल्या धडगावची बाई रोज घरून येऊन-जाऊन करू शकत नाही. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड पडली की तर प्रश्नच मिटला.

आई कक्षाजवळ नसेल तर काय होतं ते क्रमानं बघा. दूध दर दोन-तीन तासांनी काढायला हवं, रात्रीसुद्धा. रात्रीचे दोन वेळचे खाडे झाले तरी आठवड्याभरात दूध आटायला लागतं. दूध आटलं की पावडरच्या दुधाचा डबा येतो. डब्याच्या दुधावर कमी दिवसांच्या बाळाच्या आतड्याला सूज येण्याचा धोका वाढतो. तसं झालं तर दूध बंद, सलाइन चालू, मुक्काम वाढला. कागदावर कारण ‘इन्फेक्शन’ लिहिलं जातं. ते व्हरांड्यातल्या चटईपासून सुरू झालं होतं, हे कुणी लिहीत नाही.

आई जवळ असली तर काय होतं, याचा पुरावा भक्कम आहे. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांत एक मोठा अभ्यास झाला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतातलं केंद्र दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय. १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्याबरोबर, तब्येत स्थिर होण्याची वाट न पाहता, आईच्या छातीशी ठेवलं. त्यासाठी आईचा पलंग थेट अतिदक्षता कक्षात आणला. पहिल्या महिन्यातले मृत्यू नेहमीच्या पद्धतीत १५.७ टक्के होते, या पद्धतीत १२ टक्के. अतिदक्षता कक्षात असताना छातीशी राहण्याचा काळ या पद्धतीत दिवसाला जवळपास १७ तास होता, नेहमीच्या पद्धतीत दीड तास. यात नवीन यंत्र कुठलंच नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये शिफारसच बदलली. आता दिवसातून ८ ते २४ तास आणि शक्य तितक्या लवकर, असं सांगितलं जातं.

तेव्हा नवजात कक्ष बघायला गेलात तर आधी वॉर्मर मोजू नका, आयांचे पलंग मोजा. बाळाच्या दर पेटीमागे एक पलंग असेल तर तो कक्ष उत्तम. निम्मे असतील तर चालेल. एकही नसेल तर भिंतीवरच्या कांगारूच्या पोस्टरला काही अर्थ नाही.

दारातून आत

हात धुण्याची शिस्त खरोखर चांगली बसली आहे. कक्षाबाहेर कोपरानं चालू-बंद होणारा नळ, साबण, भिंतीवर सहा पायऱ्यांची चित्रं. पहिल्यांदा आत जाताना कोपरापर्यंत दोन मिनिटं, नंतर प्रत्येक वेळी बाळाला हात लावण्याआधी ४० ते ६० सेकंद. नखं कापलेली, अंगठी-घड्याळ काढलेलं, चप्पल बाहेर, वरून स्वच्छ गाऊन.

अडतं ते बांगड्यांवर. बाळंतिणीच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या असतात आणि त्या उतरवायला सासूबाईंचा विरोध असतो. सिस्टर ऐन वेळी ‘काढा’ म्हणाली की दारातच वाद होतो आणि आई परत फिरते. बांगड्यांखालची कातडी नीट धुतली जात नाही, जंतू तिथेच राहतात, हे कारण खरं आहे. पण ते सांगायची वेळ नवव्या महिन्यातली. आशाताई शेवटच्या भेटीत जेव्हा पिशवी भरायला सांगते, तेव्हाच हेही सांगितलं तर घरात बोलून झालेलं असतं.

पाचवीचंही तसंच. पाचव्या रात्री सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते आणि बाळ काचेत! घरच्यांची घालमेल खरी असते. दोरा, हळद-कुंकू, काजळ पेटीच्या आत चालणार नाही, यावर तडजोड नको. काजळानं डोळे येतात, बेंबीला काही लावलं की जंतुसंसर्ग होतो. पण पूजा घरी करून दोरा आजीनं स्वतःच्या मनगटाला बांधला, तर दवाखान्याचं काय बिघडलं? ‘अंधश्रद्धा’ म्हणून खेकसणाऱ्या सिस्टरपेक्षा ‘आजी, दोरा तुम्ही बांधा, बाळाला घरी आल्यावर’ असं म्हणणारी सिस्टर त्या बाळाचा मुक्काम पूर्ण करून घेते. वैद्यकीय सल्ला झुगारून बाळ घरी नेणाऱ्यांत असे दुखावलेले लोक बरेच असतात. त्यांना फक्त अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे.

वडिलांना आत घेण्याबाबत मात्र सेवा अजून कच्ची आहे. सूचनेत आई-वडील असं स्पष्ट आहे. प्रत्यक्षात ‘बायकांचा वॉर्ड आहे, पुरुषांनी बाहेर थांबा’. बापाचं काम औषध आणणं, रक्त आणणं आणि सही करणं. सिझर झालेली आई पहिला दीड दिवस उठू शकत नाही. त्या काळात बाळाला छातीशी धरायला बाप हाच सगळ्यांत योग्य माणूस. माता कक्षाला आडपडदा लावला, त्याच्यासाठी दुपारी ठरावीक दोन तास आणि एक खुर्ची ठेवली की झालं.

वाटी, चमचा आणि ‘दूधच नाही’

पहिल्या दिवशी आईला चार-पाच थेंब चीक येतो आणि घरचे निकाल देतात, ‘हिला दूधच नाही’. हिशेब सांगितला तर पुष्कळ फरक पडतो. दीड किलोच्या बाळाला पहिल्या दिवशी दर किलोला साधारण ६० मिली लागतात, म्हणजे दिवसाचे ९० मिली. दर दोन तासांनी पाजलं तर एका वेळचे साडेसात मिली, दीड चहाचा चमचा. आईचं दूध तेवढं भरेपर्यंत उरलेलं डॉक्टर सलाइनवाटे देतात. चीक दोन मिली आला तरी तो वाया घालवायचा नसतो, आधी तोच जातो.

दूध काढायचं तंत्र सिस्टरनं स्वतः हात न लावता आईच्याच हातानं शिकवावं. अंगठा आणि पहिलं बोट काळ्या भागाच्या कडेवर समोरासमोर, आधी छातीकडे मागे दाब, मग दोन्ही बोटं एकमेकांकडे. बोंडी ओढायची नाही, त्यानं दूध येत नाही आणि चिरा पडतात. दोन्ही बाजू मिळून २० ते ३० मिनिटं, दिवसातून आठ वेळा. उकळलेली स्टीलची वाटी, झाकण, त्यावर नाव आणि वेळ लिहिलेली चिकटपट्टी. नाव नसलेली वाटी फेकून द्यावी लागते, कारण ती दुसऱ्याच बाळाला जाऊ शकते.

साठवणीचा नियम इथे खान्देशी करावा लागतो. खोली २५ अंशांच्या आसपास असेल तर काढलेलं दूध चार तास ठेवतात. जळगावचा पारा मे महिन्यात पंचेचाळिसाला टेकतो, वॉर्डात पस्तीस-अडतीस सहज असतं. तिथे चार तासांचा नियम लावणं धोक्याचं आहे. काढलं की कक्षातल्या फ्रिजमध्ये ठेवायचं, २४ तासांत वापरायचं. फ्रिज फक्त लसीसाठी आहे असं उत्तर मिळालं, तर आईच्या दुधासाठी वेगळा छोटा फ्रिज मागणं हा हट्ट नव्हे.

बाटली मात्र कुठेच नको. जिल्ह्याच्या गावी दवाखान्यासमोरच्या मेडिकलमध्ये बाटली-बूच आणि दुधाचा डबा काचेत मांडलेला असतो. डबे-बाटल्यांच्या जाहिरातीला १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, २००३ मध्ये ती आणखी कडक झाली. बाटलीची सवय लागलेलं कमी वजनाचं बाळ छातीला नीट लागत नाही. वाटी-चमच्यानं किंवा चोच असलेल्या पलाडीनं पाजताना बाळ अर्धवट बसतं ठेवायचं, वाटी खालच्या ओठाला टेकवायची आणि दूध तोंडात ओतायचं नाही, ते बाळानं ओढायला हवं. ओतलं की श्वासनलिकेत जातं. वाटी-चमच्यानं होणारी दुर्घटना बहुतेक अशीच होते, आणि ती घाई करणाऱ्याच्या हातून होते.

छातीशी बाळ, आणि बाहेर पंचेचाळीस अंश

कांगारू पद्धत म्हणजे उघडं बाळ आईच्या उघड्या छातीवर, उभं, बेडकासारखे पाय मुडपलेले. अंगावर फक्त टोपडं, मोजे, लंगोट. डोकं एका बाजूला वळवलेलं आणि किंचित मागे, म्हणजे नाक मोकळं राहतं. हनुवटी छातीला टेकली तर श्वास अडतो, ही सगळ्यांत मोठी चूक आणि डुलकी लागलेल्या आईकडून ती होते. म्हणून पाठ साधारण अर्धी टेकून बसायचं, सपाट झोपायचं नाही. बांधायला खास पिशवी नसली तरी चालतं. मऊ सुती लुगड्याचा पदर बाळाच्या कानाच्या खालपर्यंत घट्ट गुंडाळला की काम होतं. एका वेळी तासापेक्षा कमी ठेवू नये, कारण सारखं उचल-ठेव केल्यानं बाळ दमतं. आई थकली की आजी, मावशी, बाप. कातडी निरोगी आणि हात धुतलेले असले की कुणीही.

पुस्तकात सगळं थंडीच्या हिशेबानं लिहिलेलं असतं, पांघरूण घाला, पंखा बंद करा. एप्रिल-मे-जूनमध्ये आमच्याकडे तसं केलं तर आई घामानं निथळते आणि बाळाचा ताप वाढतो. तो ताप जंतूंचा की उन्हाचा हे कळत नाही, मग रक्त तपासणी, मग प्रतिजैविकं. उन्हाळ्यातली पद्धत वेगळी शिकवायला हवी. वरचं पांघरूण काढायचं, एकेरी सुती पदर ठेवायचा, टोपडं पातळ करायचं. कूलर चालू ठेवायचा, पण तोंड भिंतीकडे. आईनं दर तासाला पाणी किंवा ताक प्यायचं. बाळाला मात्र वरून पाणी नाही, कितीही ऊन असलं तरी फक्त आईचं दूध, आणि ते जास्त वेळा.

बाळाचं तापमान काखेत ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावं. थर्मामीटर हाताशी नसेल तर पोटाला आणि तळपायाला हाताची मागची बाजू लावायची. दोन्ही कोमट असतील तर ठीक. पोट कोमट आणि पाय गार असतील तर थंडी वाजते आहे. दोन्ही गार असतील तर तातडीनं सिस्टरला सांगायचं. दोन्ही गरम असतील तर आधी कपडे कमी करून अर्ध्या तासानं पुन्हा बघायचं. उतरलं नाही तर तो ऊन नव्हे, खरा ताप. आजीला एवढं शिकवायला दोन मिनिटं लागतात आणि ते ती जन्मभर विसरत नाही.

कोण सांगतं, कोणत्या भाषेत

दिवसातून एकदा डॉक्टरांनी बाळाची स्थिती पालकांना सांगायची असते. बहुतेक ठिकाणी सांगतात. पण कक्षाच्या दाराशी, उभ्या-उभ्या, आणि जो पुरुष नातेवाईक हाताशी लागेल त्याला. तो निरोप आईपर्यंत पोचेस्तोवर ‘सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) कमी आहे’चं ‘बाळ जगत नाही’ होतं. माहिती आईला द्या, बाळाच्या शेजारी द्या, इतका साधा बदल आहे.

भाषेचा भाग जास्त अवघड. जळगाव-धुळ्याकडची आजी अहिराणी बोलते, ‘पोऱ्या कसा शे?’ विचारते आणि तिला प्रमाण मराठीतलं उत्तर निदान कळतं. सातपुड्यातल्या पावरी, भिली बोलणाऱ्या आईचं तसं नाही. ती मान हलवते. मान हलवली म्हणजे समजलं, असं गृहीत धरून संमतीवर अंगठा घेतला जातो. दुभाषा म्हणून तिच्या दहा वर्षांच्या दिराला उभं करणं अयोग्य आहे. नंदुरबारच्या रुग्णालयांत पावरी-भिली बोलणाऱ्या सिस्टर, मावशी, सफाई कामगार असतात. पाळीवार त्यांची नावं फलकावर लिहून ठेवली तर काम होतं. आणि समजलं का हे विचारण्याऐवजी ‘आता मला करून दाखवा’ म्हणावं. औषध किती, केव्हा, हे आईनं आपल्या भाषेत सांगितलं, ड्रॉपर भरून दाखवला, तरच शिकवणं पूर्ण झालं.

मुलांच्या वॉर्डाबद्दल थोडक्यात. सुई टोचताना आईला बाहेर काढायची जुनी सवय अजून आहे. तिची गरज नाही. बाळ अंगावर पीत असताना टोचलं तर ते कमी रडतं. मोठ्या मुलाला आईच्या मांडीत बसवून हात धरला तर तिघांनी दाबून धरण्यापेक्षा काम लवकर होतं. दुसरं, शस्त्रक्रियेआधीचा उपास. ‘रात्री बारापासून काही देऊ नका’ हा सरसकट आदेश लहान मुलाला छळतो. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, आईचं दूध चार तास, वरचं दूध आणि हलका आहार सहा तास, असा नियम आहे. नंबर दुपारी एकला असेल तर हा फरक फार मोठा होतो. भूलतज्ज्ञांना विचारा आणि वेळ लिहून घ्या.

पोषण पुनर्वसन केंद्राचं परीक्षण वेगळं व्हायला हवं. इतकंच सांगतो, की दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी असलेलं मूल तिथे साधारण १४ दिवस आईसोबत राहतं आणि आईला बुडीत मजुरी मिळते. ती डिस्चार्जनंतर महिनाभरानं बँकेत जमा झाली तर तिचा उपयोग नाही. घरच्या दोन लेकरांना आज खायला घालायचं असतं. आणि होळीच्या आधीच्या आठवड्यात आदिवासींचा भोंगऱ्या बाजार भरतो तेव्हा सातपुड्यातल्या आईला केंद्रात थांबवणं कठीणच. तारखा आधी ठाऊक असतात, भरती त्या हिशेबानं लावता येते.

खासगी बालरुग्णालयं यापेक्षा बरी का? स्वच्छता आणि डॉक्टरांची उपलब्धता यांत अनेकदा हो. आईला आत घेण्यात बरेचदा नाही. दिवसातून दोनदा दहा मिनिटं काचेतून बघायचं, हा नियम तिथे जास्त आढळतो. २०२१ च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांप्रमाणे रुग्ण हक्क सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावावं लागतं. ते काउंटरमागच्या कपाटाला लावलेलं असलं तर अंदाज येतो. महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू आहे का, हे भरती होतानाच विचारावं. नंतर विचारलं तर अनामत रकमेचा वाद होतो.

घरी जाताना

आईच्या पलंगाखालोखाल सेवेची कमजोर बाजू हीच. सलग तीन दिवस वजन वाढलं, बाळ तोंडानं पितंय, तापमान टिकतंय, की डिस्चार्ज. निर्णय बरोबर असतो, पण तो सकाळी अकराला कळतो आणि दुपारी दोनला पेटी दुसऱ्या बाळाला हवी असते. चौथ्या टप्प्याचं शिकवणं त्या तीन तासांत उरकलं जातं.

कार्ड इंग्रजीत, हातानं लिहिलेलं. त्यावरची सगळ्यांत धोकादायक ओळ म्हणजे थेंबांचं औषध. व्हिटॅमिन डीचे थेंब बाजारात दर मिलीला ४०० युनिट आणि ८०० युनिट, दोन्ही ताकदीत मिळतात. कार्डावर ‘१ मिली रोज’ एवढंच लिहिलं आणि मेडिकलवाल्यानं दुसरी कंपनी दिली की डोस दुप्पट. लोहाच्या थेंबांचंही तसंच, कंपनी बदलली की ताकद बदलते. कार्डावर ताकद लिहायला लावा. ड्रॉपरवर जिथपर्यंत भरायचं तिथे चिकटपट्टी लावून घ्या.

पडद्याची तपासणी हा दुसरा खड्डा. २ किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासायलाच हवा. अगदी छोटी, १२०० ग्रॅमच्या आतली बाळं दोन-तीन आठवड्यांतच. पडद्याचा आजार बाहेरून दिसत नाही, बाळ हसतं-खेळतं, आणि उशीर झाला की दृष्टी कायमची जाते. आजार सापडला तर लेसर दोन-तीन दिवसांत व्हावं लागतं. पडद्याचे तज्ज्ञ रोज नसतात, म्हणून ‘नंतर डोळे दाखवा’ असं सांगून पाठवतात. ‘नंतर’ नको. तारीख, ठिकाण आणि डॉक्टर येण्याचा वार कार्डावर लिहून घ्या. कानाची तपासणी पहिल्या महिन्यात. शंका आली तर तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार.

तिसरी गोष्ट पत्त्याची. पहिलं बाळंतपण माहेरी. कार्डावर पत्ता सासरचा, आधार कार्डावरून उतरवलेला. बाई पारोळ्याची, बाळ घेऊन जाते अमळनेरजवळच्या माहेरी, आणि तिकडच्या आशाताईला काही कळत नाही. आशाताईच्या घरभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात. त्यातल्या उरलेल्या सगळ्या हुकतात, कारण यादी सासरच्या आशाताईकडे आहे. डिस्चार्जच्या वेळी ‘बाळ पुढचे तीन महिने कुठे राहणार’ हा एकच प्रश्न विचारून त्या गावच्या आशाताईला कक्षातूनच फोन लावावा. हे करणाऱ्या सिस्टर आहेत. ती त्यांची स्वतःची हुशारी आहे, फॉर्मात त्यासाठी रकाना हवा.

घरी नेण्यासाठी १०२ ची गाडी मोफत आहे. आजारी बाळाला वर्षभरापर्यंत उपचार आणि ने-आण मोफत आहे. गाडी मिळत नसेल तर वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरकडून नोंद करून घ्या आणि १०४ वर तक्रार करा. स्वखर्चानं रिक्षा केली की सेवा दिली असंच धरलं जातं.

धोक्याची लक्षणं आईला तोंडपाठ असावीत. दूध पिणं सोडलं, झटके आले, मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास, छातीत खोल खड्डे, ताप किंवा अंग गार, डिवचल्याशिवाय हालचाल नाही. यातलं एक जरी दिसलं तरी १०८. भगताकडे जायचं असलं तरी आधी गाडी बोलवा, ती येईपर्यंत भगताला वेळ मिळतोच. गाडीत बाळ पेटीत नाही, आईच्या छातीशी. रस्ताभर गार पडलेलं बाळ निम्मी लढाई हरूनच पोचतं.

दिवाळीनंतर ऊसतोडीला बारडोली-सुरतेकडे जाणाऱ्या कुटुंबांसाठी सध्याची व्यवस्था काहीच करत नाही. बाळ नोव्हेंबरात कक्षातून सुटतं आणि आठवड्यात टोळीबरोबर निघतं. अशा घरांना डिस्चार्जच्या वेळी सांगावं, की कार्डाचे आणि लसीच्या पानाचे फोटो बापाच्या आणि मुकादमाच्या, दोघांच्या मोबाइलवर घ्या. लसीचं कार्ड गुजरातेतही चालतं, तिथल्या सरकारी दवाखान्यात तेच दाखवायचं. पडद्याची तारीख जाण्याआधीची मागा. ती जमत नसेल तर सुरतेच्या सरकारी रुग्णालयाच्या नावानं चिठ्ठी लिहून घ्या, आणि ती चिठ्ठी हिंदीत किंवा छापील इंग्रजीत असू द्या.